टायटॅनियमवर चांदीचा जंतुरोधक थर कसा चढवावा आणि कसा तपासावा

ही पद्धत प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसाठी आहे. शरीरात बसवायच्या वस्तूवर ती वापरू नका.

टायटॅनियमच्या चकत्या अ‍ॅसिटोन, इथेनॉल आणि डीआयोनाइज्ड (क्षार काढलेले) पाणी या क्रमाने प्रत्येकी १० मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुऊन वाळवा. त्यानंतर बोट लावू नका, कडेला चिमट्यानेच धरा.

५० मिली पाण्यात ६१ मिग्रॅ ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ) विरघळवून पीएच ८.५ वर आणा. चकत्या बुडवा आणि अगदी शेवटी १०० मिग्रॅ डोपामीन हायड्रोक्लोराइड घाला. भांडे उघडेच ठेवून ढवळत राहा, कारण डोपामीनपासून पॉलिडोपामीनचा थर बनायला हवेतला ऑक्सिजन लागतो. द्रावण हळूहळू तपकिरी आणि मग काळे पडते. तासाभरात रंगच आला नाही तर पीएच पुन्हा मोजा. चकत्या उभ्या टांगलेल्या बऱ्या. आडव्या ठेवल्या की द्रावणातले कण वर साचतात, थर झकास जाड दिसतो आणि पुसताच निघून येतो. खरा थर २४ तासांत जेमतेम ५० नॅनोमीटरचा होतो.

आता धुणे, आणि घाई नेमकी इथेच नडते. डीआयोनाइज्ड पाण्याने तीनदा धुवा. सलाइन किंवा पीबीएस (फॉस्फेट मिसळलेले मिठाचे पाणी) अजिबात नको. क्लोराइड उरला की चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढुरका साका धरते, आणि डोपामीनच्या क्षारातही क्लोराइड असतोच.

मग ५० मिली पाण्यात ८५ मिग्रॅ सिल्व्हर नायट्रेट (१० मिलिमोलर) घेऊन चकत्या अंधारात ठेवा. वेगळा क्षपणक (चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करणारा पदार्थ) लागत नाही, ते काम खालचा पॉलिडोपामीनचा थरच करतो. हातमोजे घाला, नाहीतर काळे डाग पडतात. २, ६ आणि १८ तासांच्या तीन तुकड्या करा. चांदी जास्त झाली तर जंतूंबरोबर पेशीही मरतात. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांखाली गेली की तो नमुना पेशींना विषारी ठरतो.

जंतूंच्या चाचणीत कोरी चकती आणि फक्त पॉलिडोपामीनची चकती असे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे नमुने) ठेवा. जंतू धुऊन काढायच्या द्रवात सोडियम थायोग्लायकोलेटसारखे न्यूट्रलायझर (चांदीचा परिणाम थांबवणारे रसायन) हवेच. ते नसेल तर सुटलेली चांदी प्लेटवरही जंतू मारत राहते आणि थर आहे त्याहून प्रभावी दिसतो. खात्रीसाठी चांदीच्या चकतीच्या धुवणात न्यूट्रलायझर मिसळून त्यात मोजके जंतू सोडा. साध्या द्रवाइतक्याच कॉलन्या उगवल्या, तरच पुढचे आकडे लिहा.