जलरंगातले मूळ चित्र आणि त्याची प्रत कशी ओळखावी

सावंतवाडी, वेंगुर्ला, राजापूर या भागांतली जुनी घरे वाटणीत निघाली की माजघरातल्या भिंतीवरच्या तसबिरीही खाली उतरतात, आणि त्यांत एखादे मूळ जलरंगचित्र असेल का, असा प्रश्न पडतो. अशा वेळी सहीवर विसंबू नये, कारण छपाईत सहीही चित्राबरोबर छापली जाते.

आधी भिंग घ्यावे. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. त्यातून आकाशासारखा फिका भाग पाहावा. ऑफसेट छपाईत निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे ठिपके ठरावीक रचनेत दिसतात. इंकजेट प्रतीत ते फार बारीक आणि विखुरलेले असतात. ठिपके दिसले की चित्र छापील समजावे. न दिसले तर मात्र ते मूळच आहे असे ठरत नाही, कारण कोलोटाइपसारख्या जुन्या छपाईत असे नियमित ठिपके नसतातच.

खरी परीक्षा रंग कसा वाळला आहे, याची. पातळ लेप वाळताना रंगकण कडेला ओढले जातात, त्यामुळे लेपाची किनार आतल्या भागापेक्षा गडद होते. अल्ट्रामरीनसारखा (गडद निळा) दाणेदार रंग खरबरीत कागदाच्या खळग्यांत साचतो, तर कोरड्या कुंचल्याचा फटकारा केवळ उंचवट्यांवर रंग सोडतो. छापील प्रतीतही हे सारे दिसते. पण तो मूळ कागदाचा पोत असतो, हातातल्या कागदाच्या खळग्यांशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून चित्र खिडकीपाशी नेऊन बाजूने तिरपा उजेड पाडावा आणि दाणे खळग्यांतच बसले आहेत का, हे ताडून पाहावे. माझ्या मते ही एक कसोटी बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाची आहे.

हाताने केलेली नक्कल ओळखणे अवघड, कारण तिथे रंग आणि पाणी दोन्ही खरेच असतात. नक्कल करणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे पेन्सिलची रेघ बहुधा बदललेली नसते, कधी चित्र मापात उतरवण्यासाठी आखलेल्या चौकटी अंधुक उरतात, आणि ओल्यावर ओला रंग सोडण्याऐवजी कडा जपून भरलेल्या असतात. चित्र प्रसिद्ध असेल तर मूळ कुठे आहे, हे आधी पाहावे. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यामुळे घरात त्याच चित्राची तसबीर निघाली तर ती प्रतच. (अनेकजण ते चित्र राजा रविवर्म्यांचे समजतात, ही गोष्ट वेगळी.)

कागदावरचे तपकिरी डाग जुनेपणाचा पुरावा मानू नयेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते नव्या कागदावरही पडतात. ओल्या कापसाने रंग पुसून पाहण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये: मूळ चित्र त्याने खराब होते, आणि इंकजेटची काही शाईही पाण्यात फुटत असल्याने निष्पन्न काहीच होत नाही. चौकट उघडायची असेल तर पावसाळा टाळून दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत उघडावी. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तो ओढू नये. चौकट तशीच बंद करून कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडे न्यावी.