ग्वाल्हेरच्या गायन-क्लाससाठी स्वतःचं व्हिडिओ ॲप असं बनवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या गायन-क्लासला पुण्या-इंदूरचे विद्यार्थी ऑनलाइन जोडले, की तक्रार ठरलेली: "गुरुजी, तानपुरा ऐकूच येत नाहीये." दोष नेटचा असतोच असं नाही. मीटिंगची ॲप्स बोलण्यासाठी बनलेली. सलग घुमणारा सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ती तो गाळून टाकतात. थोडं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येत असेल, तर जित्सी मीट या ओपन सोर्स व्हिडिओ-मीटिंग सिस्टिमच्या एपीआयवर, म्हणजे ती आपल्या प्रोग्रॅममधून चालवण्याच्या सोयीवर, आपलं ॲप उभं करता येतं.

आधी सर्व्हर. जित्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवरची मीटिंग आपल्या वेब पानात बसवली, तर पाच मिनिटांत तुटते. ती सोय चाचणीपुरतीच. म्हणून डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रकारांतला सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर जित्सी इन्स्टॉल करा. टीसीपीचे ८० व ४४३ आणि यूडीपीचा १०००० हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे ये-जा करायचे दरवाजे, उघडा. यूडीपीचा विसरलात, तर गंमत होते: दोघांत सगळं झकास चालतं, कारण कॉल थेट एकमेकांत जोडलेला असतो. तिसरा आला की आवाज आणि चित्र, दोन्ही गायब!

मग पान. सर्व्हरवरची एक्स्टर्नल एपीआयची फाइल स्क्रिप्ट टॅगने जोडा, एक रिकामा डिव ठेवा आणि एपीआयचा ऑब्जेक्ट बनवताना डोमेन, रूमचं नाव व तो डिव द्या. रूमचं नाव नुसतं 'गायन' नको, कोणीही ओळखून आत शिरेल. पान एचटीटीपीएसवरच हवं. त्याशिवाय ब्राउझर माइक देत नाही.

आता खरी मेख. त्याच ऑब्जेक्टच्या कॉन्फिग-ओव्हरराइट (configOverwrite) या सेटिंगच्या भागात 'डिसेबल-एपी' (disableAP) ट्रू करा. आवाजावरची सगळी प्रक्रिया बंद होते आणि तानपुरा गाळला जाण्यातून सुटतो. मात्र प्रतिध्वनी रोखणंही त्यातच बंद होतं, म्हणून गुरुजींनी हेडफोन लावायलाच हवा. हे सेटिंग ज्याच्या पानावर, त्याच्याच माइकला लागू. तेव्हा गुरुजींचं पान वेगळं आणि विद्यार्थ्यांचं वेगळं ठेवलेलं बरं.

गुरुजींच्या पानावर 'सगळे गप्प' असं एक बटण द्या. ते दाबलं की एपीआयची 'म्यूट-एव्हरीवन' (muteEveryone) कमांड जाते. गुरुजी मॉडरेटर, म्हणजे मीटिंगचा ताबा असलेले, नसतील, तर ती चालत नाही. हजेरीसाठी 'पार्टिसिपंट-जॉइन्ड' (participantJoined) हा इव्हेंट ऐका, त्यात येणाऱ्याचं नाव मिळतं.

एकत्र गाणं मात्र कुठलंही सेटिंग जमवून देणार नाही. आवाज पोचायला लागणारा क्षणभराचा वेळ सम चुकवतोच. गुरुजींनी ओळ म्हणायची, मग विद्यार्थ्याने. ॲपमधली बटणंही याच क्रमाने आखा.