अनोळखी कॉमिक्सनायकावर पटकथा लिहिताय? या चुका टाळा

फोंड्यात महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण पटकथा वाचायला बसतो. दर दोन-तीन बैठकांना कोणीतरी फारसा कोणाला ठाऊक नसलेला कॉमिक्सनायक घेऊन येतं आणि त्याच चुका करतं. मुळाशी भीती एकच: याला कोण ओळखणार? 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'तला बोलका रॅकून आणि तीनच शब्द बोलणारं झाड २०१४ पूर्वी अमेरिकेतही पक्क्या वाचकांपलीकडे फार कोणाला माहीत नव्हतं. त्या चित्रपटाने जगभरात ७७ कोटी डॉलरच्या वर कमावले.

आधी इतिहास सांगणं

ही चूक पाहून मी खरोखर थकलो आहे. दोन वर्षांपूर्वी डिचोलीचा एक मुलगा १२० पानांची पटकथा घेऊन आला. पहिली ३१ पानं ग्रह, राजघराणी, त्यांची युद्धं. नायक ३२व्या पानावर. आणि ३८व्या पानावर हा उडू शकणारा मुलगा वडिलांची बंद पडलेली स्कूटर रात्री पान्हे घेऊन गुपचूप दुरुस्त करतो. शक्ती वापरली तर त्यांना कळेल म्हणून. ते पान वाचताना खोलीतले सगळे सरसावून बसले. मी म्हटलं, इथून सुरू कर.

"सर, पण आधी ग्रह कळायला नको?"

नको! पण त्याला घाई होती. स्पर्धेची मुदत चार दिवसांवर, पोस्टरसुद्धा छापून तयार. तशीच पाठवली, पहिल्याच फेरीत बाद झाली. मला अजून वाईट वाटतं, कारण ते ३८वं पान चांगलं होतं.

'ग्रीन लँटर्न' हे पात्र १९४० पासूनचं, गार्डियन्सपेक्षा कितीतरी नावाजलेलं. २०११चा त्याचा चित्रपट विश्वाचे ३६०० विभाग कसे पाडले, याच्या निवेदनाने सुरू होतो. सुमारे २० कोटी डॉलर खर्च, कमाई जेमतेम २२ कोटींच्या आसपास. गार्डियन्समध्ये आधी आईच्या मृत्युशय्येपाशी उभा असलेला मुलगा दिसतो. मग तोच मोठा झालेला, ओसाड ग्रहावर वॉकमन लावून एकटा नाचतो. ग्रहाचा इतिहास कोणी विचारत नाही.

माझी सवय सांगतो. फोंडा-पणजी कदंबा बसमध्ये, कॉमिक्स कधीच न वाचलेल्या सोबत्याला गोष्ट सांगायला लागतो. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत त्याने "मग?" असं विचारलं नाही, तर सुरुवात फाडतो.

चांगलं ते पुढच्या भागासाठी राखणं

२०२४च्या 'मॅडम वेब'मध्ये तीन मुली पुढे वीरांगना होणार, हे भविष्याच्या झलकांत दिसतं. प्रत्यक्ष कथेत त्या पळत आणि लपत राहतात. प्रेक्षकाने तिकीट आजचं काढलेलं असतं. नवशिके तर पहिला भाग लिहून व्हायच्या आत तिसऱ्या भागाचा खलनायक ठरवतात. अशी वही मी वाचायला घेत नाही.

ओळखीच्या नावावर विसंबणं

इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकी 'फँटम', आपल्याकडे घराघरांत होता. १९९६चा त्याचा चित्रपट अमेरिकेत तरीही पडला.

खर्च

'ब्लेड' (१९९८) पाहा. कॉमिक्समधल्या एका दुय्यम पात्रावरचा चित्रपट, साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्च, तेरा कोटींच्या वर कमाई. लहान नायकाला लहान खर्च शोभतो, आणि लिहिणाऱ्याला मोकळीकही मिळते.

हक्क

कॉमिक्स बंद पडलं, रद्दीत मिळालं, म्हणून ते आपलं होत नाही. प्रकाशक किंवा चित्रकाराचे वारस शोधा, लेखी परवानगी घ्या. "नंतर बघू" म्हणणाऱ्या दोघांच्या तयार पटकथा माझ्याच कपाटात पडून आहेत.