उंदीर जागा लक्षात ठेवतो की वळण?

अधिक चिन्हाच्या आकाराचा मेझ (वाटांचा भुलभुलैया) घ्या. उंदराला रोज दक्षिणेकडून सोडा, खाऊ कायम पश्चिमेला. उत्तरेची वाट फळीने बंद. ८ व्या दिवशी उत्तरेकडून सोडा, दक्षिण बंद. पश्चिमेलाच गेला तर जागा लक्षात आहे: हे मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं काम. डावीकडेच वळून पूर्वेला गेला तर सवय, म्हणजे कॉडेट न्यूक्लियस या मेंदूतल्या दुसऱ्या भागाचं काम.

खाऊचा वास सगळा प्रयोग बिघडवतो, म्हणून चुरा चारही फाट्यांखाली जाळीआड ठेवा. भिंतीवरच्या खुणा अजिबात हलवू नका.

१६ व्या दिवशी पुन्हा तपासा. पॅकार्ड आणि मॅकगॉ या संशोधकांच्या १९९६ च्या प्रयोगात तोवर सवय वरचढ झाली होती. पण कॉडेट लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने बंद पाडताच उंदीर पुन्हा जागेकडे वळले. पहिली आठवण शाबूत होती, हे फार मोलाचं.