भौतिकशास्त्राचे प्रयोग लोकांना दाखवताय? या चुका टाळा

मेणबत्तीचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात हमखास असतो. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि दाखवणारा ठोकून देतो, "हवेतला २१ टक्के ऑक्सिजन जळला, त्याची जागा पाण्याने घेतली." टाळ्या!

साफ चूक. ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. शिवाय मेण जळताना ३८ भाग ऑक्सिजनमागे सुमारे २५ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या हिशेबाने हवा दोन टक्केही घटत नाही. पाणी चढतं ते मुख्यतः तापमानामुळे. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

गर्दीतली एखादी मुलगी विचारतेच, "ज्योत विझल्यावरच पाणी का भराभर चढलं?" उत्तर मिळतं, "ते पुढच्या इयत्तेत." सगळ्या गर्दीत नेमकं निरीक्षण तिने केलं आणि गप्पही तिलाच बसवलं. मग मुली भौतिकशास्त्राकडे का वळत नाहीत यावर परिसंवाद भरवायचे!

आमचा शिरस्ता असा: सारखे दोन ग्लास, दोन ताटल्यांत सारखंच पाणी. एकीत एक मेणबत्ती, दुसरीत तशाच तीन. ऑक्सिजनची कथा खरी असेल तर पाणी दोन्हीकडे सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांकडे ते बरंच वर जातं. पुन्हा करायचं तर ग्लास पूर्ण गार होऊ द्या आणि आतली जुनी हवा हलवून काढा. ही सवड नसेल तर प्रयोग करूच नका.

दुसरी चूक घाईची. नवे सादरकर्ते थेट करून दाखवतात. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझूर यांच्या गटाने २००४ साली याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. नुसता प्रयोग बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज, तो न बघितलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. आधी अंदाज बांधायला लावलेल्यांची बरी होती. म्हणून आधी काय घडेल याचे तीन पर्याय सांगा, दहा सेकंद गप्प राहा (ते फार लांब वाटतात, वाटू द्या), मग सगळ्यांना छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायला लावा. शेजाऱ्याची बोटं दिसत नाहीत, त्यामुळे बुजरेही ठरवतात. पहिला हात वर करणाऱ्याला लगेच बोलू दिलं की बाकीचे विचार थांबवतात, आणि तो हात बहुधा त्याच दोन-तीन मुलांचा असतो.

बाकीच्या चुका पटकन.

कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारली की ती वर उचलली जाते; तेव्हा "वरची हवा खालच्या हवेला गाठायला जोरात पळते" म्हणू नका. दोन्ही हवांनी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एकाच वेळी पोचावं असा नियम नाही.

"हे अगदी सोपं आहे" हे वाक्य बंद. ज्याला कळलं नाही, तो स्वतःलाच मठ्ठ ठरवतो.

क्वांटमचं नाव घेऊन अध्यात्म विकू नका.

दमट हवेत स्थितिक (घासून तयार होणाऱ्या) विजेचे प्रयोग फसतात. साहित्य हेअर ड्रायरने वाळवा आणि प्रयोग आधी त्याच जागी करून बघा.

दुर्बिणीची नेत्रिका (डोळा लावायची बाजू) उभ्या माणसाच्या डोळ्याशी आणली, की चाकाच्या खुर्चीतला माणूस रांगेतूनच परततो. दुर्बिणीची तिपाई बसलेल्याच्या उंचीला लावा, बाकीचे वाकतील.