थर्मामीटर फुटला तर केरसुणी उचलू नका

घातक कचरा वेगळा ठेवणं फारसं अवघड नाही. रंग, कीटकनाशकं, ब्लीच मूळ बाटलीतच, लेबलासकट. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात. लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी. ब्लीच आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. सगळं मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

पाऱ्याचं तसं नाही. तापाच्या काचेच्या थर्मामीटरात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, आणि तो सांडला की हात आपोआप केरसुणीकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. केरसुणीने एका गोळ्याचे शेकडो बारीक थेंब होतात, ते फटींत शिरतात आणि वाफ जास्त सुटते. ही वाफ खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही सुटते. तिला ना रंग, ना वास. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो ती वाफ घरभर फेकतो. "थोडासाच आहे, पुसून टाका" हा सल्ला ऐकूच नका.

आधी मुलं आणि पाळीव प्राणी बाहेर. आतलं दार बंद, बाहेरच्या खिडक्या उघड्या, एसी बंद. अंगठी, बांगड्या काढा, कारण पारा सोन्याला चिकटून बसतो. रबरी हातमोजे घाला. काचेचे तुकडे उचलून जाड कागदात गुंडाळा. मग दोन ताठ पुठ्ठ्यांनी थेंब हळूहळू एकमेकांकडे सरकवा. ते आपणहून एकत्र येतात. ड्रॉपरने उचला आणि घट्ट झाकणाच्या बरणीत सोडा. आता खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. राहिलेले कण चमकतात, ते चिकटपट्टीने टिपा. घाई इथेच नडते, म्हणून फर्निचरखाली, फरशीच्या सांध्यांत दोनदा बघा.

गालिच्यावर सांडला असेल तर तेवढा भाग कापून काढा, धुऊ नका. पारा लागलेले कपडेही वॉशिंग मशीनमध्ये नकोत. बेसिनमध्ये ओतलात तर पारा खालच्या पाइपच्या वळणात साचून वाफ सोडत राहतो.

पुठ्ठे, पट्ट्या, ड्रॉपर, हातमोजे, काच हे सगळं दुहेरी पिशवीत बांधा आणि बरणीसह घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या. खिडक्या निदान 24 तास उघड्या ठेवा.

सीएफएल बल्ब फुटला तर त्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण पावडरीत मिसळलेला. खोलीतून 10 मिनिटं बाहेर थांबा, मग पुठ्ठा आणि चिकटपट्टीनेच गोळा करा.