चोंदलेलं नाक आणि आईचं पातेलं

जानेवारीत इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (मसाला लावलेला तळलेला कंद) खाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी घसा धरला. दोष गराडूचा नाही, सर्दी व्हायरसनं होते. म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांना हात लावला नाही, त्या व्हायरसवर चालतच नाहीत.

खरा आराम दिला मिठाच्या गुळण्यांनी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीनदा. आईनं वाफेचं पातेलं टेबलावर ठेवलं, मांडीवर घेऊ दिलं नाही, भाजण्याची भीती. रात्री आल्याच्या रसात चमचाभर मध घेतला की खोकल्याची ढास थांबायची, सलग झोप लागायची. भाचीला मात्र दिला नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही.

आठव्या दिवशी पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास आला!